घायपाताला तहान लागते

दादा एकदा बोलले की बोलले. त्यांच्या या शब्दाच्या पक्केपणाने घराला जेवढं छळलं तेवढं कुठल्या दुष्मनानेही छळलं नसतं. एकदा गल्लीतल्या न्हाव्यावर रागावून "याच्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही" म्हणाले, आणि गल्लीत दुसरं दुकान उघडेपर्यंत मानेवर जटा घेऊन हिंडले. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लोक त्यांना फोरमनऐवजी महाराज म्हणायला लागले, तरी पठ्ठ्या बसला नाही. त्यामुळे मंगळवारी सकाळी अंगणातल्या थोरल्या घायपाताचं खालचं पान ओल्या पुठ्ठ्यासारखं त्यांच्या हातात सुटून आलं आणि ते बोलले, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, हातातला झाडू खाली ठेवला.

"हे झाड मेलं, तर मी या घरात राहणार नाही. पोराकडे जाऊन राहू."

"अहो, झाडापायी कुणी घर सोडतं का?"

"मी सोडतो."

झालं! संपला विषय. पुढचं सगळं त्या झाडाच्या हातात.

वहिनीला पोराकडे जायचं नव्हतं. मुलगा चांगला होता, सून त्याहून चांगली होती, पण त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर होता आणि बाल्कनीत उभं राहिलं की समोरच्या इमारतीतली माणसं दात घासताना दिसायची. मुलगा स्वतः दातांचा डॉक्टर, त्याला त्यात करमणूक वाटत असेल. वहिनीला इथलं अंगण हवं होतं, खडीतून वर आलेली ती निळसर, जाडजूड पानं हवी होती. आणि खरं सांगायचं तर तिला वरच्या मजल्यावरच्या अक्कांची काळजी होती. दादा आणि ती निघून गेली की एवढ्या घरात अक्का एकट्या. या वयात. अक्कांनी हे कधी बोलून दाखवलं नसतं, जीभ चावून गप्प बसल्या असत्या.

गुलाबांची भानगड झाल्यापासून दादा आणि त्यांच्या या थोरल्या बहिणीचं बोलणं बंद होतं, त्याला आता सात वर्षं होत आली. नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं तसे दादांचे प्राण कंठाशी आले. जन्मभर गावाला पाणी सोडलं त्या माणसाने, आणि स्वतःच्या अंगणात बहीण गुलाबांच्या वाफ्याला पाइप लावून बसलेली! एका सकाळी त्यांनी वाफाच्या वाफा उपटला, ट्रॅक्टरभर खडी आणि जाड वाळू आणून टाकली आणि उंचवटे करून त्यावर घायपातं लावली. महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी, पावसाळ्यात तेही नाही. अक्का तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा जे दिसलं ते हे. त्या बाहेरच्या जिन्याने वर गेल्या आणि वरूनच म्हणाल्या, "वहिनी, त्याला सांग, आजपासून मी त्याच्याशी बोलणार नाही."

आणि वहिनीने सांगितलं. सांगणारच, दुसरं काय करणार? तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली होती. घरात तिला सगळेच वहिनी म्हणायचे, पाहुणे म्हणायचे, गॅसवाला म्हणायचा, एकदोनदा दादाही चुकून म्हणाले होते. आता वरून "त्याला सांग, टाकी भरली, मोटर बंद कर" आणि खालून "तिला सांग, मला दिसतंय" असा कारभार दिवसभर चाले. दोघंही खणखणीत आवाजाची, दोघांनाही एकमेकांचं लख्ख ऐकू यायचं. तरी मध्ये वहिनी हवीच.

आता मंगळवारच्या त्या पानामागची खरी गोष्ट. घायपातं एकाएकी सडत नव्हती. वर्षभरात अक्कांच्या गॅलरीखालची पिल्लं, म्हणजे थोरल्याच्या बुडाशी फुटलेली रोपं, एकामागून एक मऊ पडून बसली होती. दादांनी जमिनीला दोष दिला. उंचवटे वाढवले, खडी बदलली, खाली भोकांचा पाइप घातला, एकदा तर भांडी घासायच्या पाण्याचा संशय घेऊन वहिनीला धारेवर धरलं. आणि वहिनीला माहीत होतं. उन्हाळ्यात एका पहाटे ती दूध घ्यायला उठली तेव्हा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: अक्का गॅलरीच्या कठड्यावरून वाकून मोठ्या जगने थोरल्या घायपातावर पाणी ओतत होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या. "पी बाबा, पी. कसायाच्या हाती पडलास, काय करणार."

हे दादांना सांगितलं असतं तर सात वर्षांचा अबोला सात जन्मांचा झाला असता. अक्कांना सांगितलं असतं की तुमच्या पाण्यानेच झाडं मरताहेत, तर त्यांचा विश्वास बसला नसता. पाणी घातल्याने झाड मरतं हे त्यांच्या मते दादांनी रचलेलं थोतांड होतं. तरी वहिनीने आडून आडून प्रयत्न केला होता. "अक्का, घायपाताला म्हणे तहान नसते." अक्का म्हणाल्या होत्या, "तहान सगळ्यांना असते. काही जण बोलत नाहीत, एवढंच."

वहिनी तोंडाला कुलूप लावून बसली.

रविवारी मुलगा आणि सून आली. दादांनीच बोलावलं होतं, थोरलं घायपात उपसून मुळं बघायची होती, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. माणसाच्या कमरेएवढं झाड, प्रत्येक पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा. डोळ्याबिळ्याला लागू नये म्हणून दादांनी प्रत्येक काट्यावर बाटलीचं बूच खोचलं होतं.

मुलगा आल्या आल्या झाडाशी उकिडवा बसला. एक पान दाबून बघितलं, बुंध्याशी नाक नेलं आणि मागे झाला.

"आतपर्यंत गेलंय बाबा. काढून टाकलेलं बरं."

"तुला सगळं काढूनच टाकायचं असतं," दादा म्हणाले.

"नाही, मी म्हणतो त्रास कशाला? तुम्ही आमच्याकडे या. खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत."

वहिनीने सुनेकडे बघितलं. पडदे लावलेत हे सुनेलाही आत्ताच कळलं असावं. सून एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं बघून बघून तिच्या चेहऱ्यावर कायमचा एक प्रकारचा संशय बसला होता. सासूसासऱ्यांवर तिचा जीव होता, पण त्या फ्लॅटमध्ये बाथरूम एक होतं, आणि सासऱ्यांना सकाळी त्यात पाऊण तास लागायचा.

"एवढ्यात काढायचं कशाला?" सून घाईने म्हणाली. "मी बुरशीवरचं औषध आणलंय. भुंगाही असू शकतो. बाबा, तुम्ही आधी उपटून तर बघा. मला वाटतं वाचेल. वाचायलाच पाहिजे."

वहिनीला ती एकदम फार आवडली.

मग झाड काढायची लढाई सुरू झाली. दादांनी पानं वर गोळा करून दोरीने बांधली, त्यावर जुनी सतरंजी गुंडाळली. मुलाने ऑपरेशनचे हातमोजे घातले होते. ते पहिल्याच काट्याला फाटले आणि पानाचा रस मनगटाला लागून त्याला अशी खाज सुटली की तो अंगणात गोल गोल फिरायला लागला. वर गॅलरीत अक्का येऊन उभ्या राहिल्या. त्या शाळेत कवायत शिकवायच्या. चार माणसं एका जागी जमून काही उचलताहेत आणि हुकूम देणारं कुणी नाही, हे त्यांना बघवेना.

"वहिनी, त्याला सांग, कमरेत वाकू नको, गुडघ्यात वाक!"

"तिला सांग, मी सत्तर वर्षं वाकतोय!"

"त्याला सांग, म्हणूनच पाठ धरते!"

"अहो, गुडघ्यात वाका," वहिनी म्हणाली, आणि दादा वाकले.

कुदळीने भोवतालची खडी सैल केली, सुनेने बूट रोवून सतरंजीचं टोक ओढलं, मुलाने खाजवता खाजवता ढकललं आणि झाड एकदम आडवं झालं. खालून आंबूस, कुबट वास आला. खडीखालची वाळू ओलीचिंब. दादांनी मूठभर उचलून दाबली तर बोटांतून पाणी गळलं. महिन्यात पावसाचा थेंब नाही, तांब्या फिरवलेला नाही, आणि जमिनीत हा चिखल! मुळ्यांचा अर्धा गुच्छ काळा पडला होता.

"आता कळलं," दादा हळूच म्हणाले. "गळती आहे. मेन लाइन गळतेय."

वहिनीने मान खाली घातली.

"बाबा," सून म्हणाली, "ओल फक्त एवढ्याच गोलात आहे. पलीकडे कोरडं आहे." तिची नजर जमिनीवरून भिंतीवर गेली, भिंतीवरून वर चढायला लागली. तिने तोंड उघडलं. वहिनीने तिच्याकडे बघून मान इतक्या जोरात हलवली की कानातलं गालावर आपटलं. सुनेने तोंड मिटलं. नंतर तिने सासूकडे असं पाहिलं की आता दावा मंजूर करायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

दादा तोवर आतून त्यांची सळई घेऊन आले. पाणीपुरवठ्यात असताना रस्त्याखालची गळती ते याच सळईने शोधायचे. एक टोक जमिनीत खुपसायचं, दुसऱ्याला कान लावायचा, आणि वाहत्या पाण्याची गुणगुण ऐकायची. निवृत्त झाल्यावर सळई परत करायची असते, पण दादांनी ती केली नव्हती.

"गप्प बसा सगळे," ते म्हणाले आणि खड्ड्यात उतरून, गुडघे टेकून सळईला कान लावला.

मुलगासुद्धा खाजवायचा थांबला. गॅलरी रिकामी होती. अक्का आत गेल्या होत्या.

"आहे," दादा कुजबुजले. त्यांचा चेहरा उजळला. "वाहतंय. स्वच्छ ऐकू येतंय. जिन्याच्या बाजूला." ते सरकले, पुन्हा सळई खुपसली. "थांबलं. अरे, आता थांबलं! दाबाचा खेळ आहे हा."

वहिनीला वरच्या स्वयंपाकघरातला नळ सुरू झालेला आणि बंद झालेला दोन्ही ऐकू आलं होतं. तो नळ सोडला की भिंतीतला पाइप गुणगुणायचा, हे घरातल्या पालीलाही माहीत होतं. पण दादांच्या कानावर सात वर्षांत वरचं काहीही थेट जात नव्हतं.

"जिना फोडावा लागेल," दादांनी जाहीर केलं. "पहिल्या चार पायऱ्या. लाइन तिथूनच जाते. उद्याच गवंडी बोलावतो."

"आणि अक्का खाली कशा उतरणार?" वहिनीने विचारलं.

"तिला सांग, आठवडाभर वरच राहा म्हणावं. तशीही कुठे उतरते ती?"

"बाबा, एवढं करण्यापेक्षा खरंच आमच्याकडे चला," मुलगा म्हणाला. "झाडात आता काही राम नाही. तुम्हीच म्हणालात ना, मेलं तर..."

"मेलेलं नाहीये!" सून ओरडली.

"अर्धं मेलंय!"

"अर्धं म्हणजे मेलेलं नाही! कंपनीतही आम्ही अर्ध्याला मेलेलं धरत नाही!"

नवराबायको भर अंगणात हातघाईवर आली. वहिनी मात्र त्या पायऱ्यांकडे बघत होती. घोटाळा आता झाडापुरता राहिला नव्हता. जिना फुटणार, म्हातारी बाई वर अडकणार, गळती काही सापडणार नाही, मग आणखी कुठेतरी खणणार, आणि शेवटी सगळं खणून झालं की पोराकडे जाऊन राहणार. जन्मभर तिने लोकांची बोलणी जोडून दिली आणि कानावर पडलेलं कधी बाहेर काढलं नाही, त्याचा तिला अभिमान होता. पण आता गप्प बसणं म्हणजे सरळ सरळ लबाडी होती. भांडण झालं तर होऊ दे, एकदाचं होऊन जाऊ दे. तिने पदर खोचला.

"अहो, इकडे बघा. मला तुम्हाला काही सांगायचंय."

"थांब जरा," दादा म्हणाले. ते पुन्हा खड्ड्यात उतरले होते, आडव्या पडलेल्या झाडाच्या मुळांशी डोकं नेऊन सळईला कान लावून बसले होते. "पुन्हा ऐकतो. एकदा नक्की ठरू दे."

वर गॅलरीचं दार वाजलं. अक्का बाहेर आल्या. त्यांच्या हातात जग नव्हता, बादली होती. खाली त्यांना काय दिसलं असेल ते वहिनीला क्षणात कळलं: एवढं मोठं झाड बांधून आडवं पाडलंय, मुळं उघडी, रणरणत्या उन्हात. अक्कांना काही सुचलंच नसणार.

"अक्का, नको!" वहिनी ओरडली.

नेम झाडावरच होता, तेवढं अक्कांच्या बाजूने म्हटलं पाहिजे. पण बादली जड होती आणि हात म्हातारे. निम्मं पाणी मुळांवर पडलं आणि निम्मं दादांच्या डोक्यावर.

सळई खड्ड्यात पडली. दादा उभे राहिले. त्यांच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी आधी स्वतःकडे बघितलं, मग मुळांकडे, मग भिंतीवरच्या ओल्या ओघळाकडे, आणि मग सात वर्षांत पहिल्यांदा मान वर करून बहिणीकडे बघितलं.

"तू!"

"मग? कोण घालणार?" अक्का वरून कडाडल्या. "तू घालतोस?"

मध्ये वहिनी नव्हती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"अक्के, तू वर्षभर पाणी घालतेस? रोज?"

"रोज नाही. तू झोपेतून उशिरा उठतोस तेव्हा. आपल्या आईने दारात कुत्रं तहानलेलं ठेवलं नाही कधी, आणि तू झाड उन्हात उभं करून त्याला महिन्याला तांब्या दाखवतोस!"

"अगं, त्याच्या पानांत पाणी असतं! त्याला कोरडंच लागतं! तू बुडवून मारलीस सगळी पिल्लं!"

"मी मारली? मी? गुलाब कुणी मारले?"

"गुलाबाला दिवसाला दोन बादल्या लागत होत्या!"

"मग मागायच्या होत्यास ना दोन बादल्या माझ्याकडून! माझ्या आंघोळीच्या दिल्या असत्या. विचारलं असतंस तर मी स्वतः उपटले असते गुलाब! मी डोळ्याला पट्टी बांधून तिकडे पडले होते रे, आणि तू..." अक्कांचा आवाज फाटला. "आणि आता चाललास पोराकडे. मला इथे सगळं ऐकू येतं. जा. खुशाल जा. मग मी कुणाच्या झाडाला पाणी घालू, तेवढं सांगून जा!"

मुलाने हातातला फाटका मोजा हळूच खिशात घातला. सुनेने डोळे मोठे करून सासूकडे पाहिलं, पण सासूला पुढचं काही दिसत नव्हतं, तिचे डोळे गच्च भरले होते.

दादांनी तोंड पुसलं. मग ते खाली बसले, खिशातून चाकू काढला आणि काळ्या मुळ्या कापायला लागले. एक कापली, दुसरी कापली. बुंध्याचा सडका भाग खरवडत गेले. मुलगा शेजारी बसला आणि आपल्या पेटीतलं दात कोरायचं बारीक हत्यार काढून कोपऱ्यातलं कुजकं उकरायला लागला. बराच वेळ काळंच निघत होतं.

"बाबा," मुलगा म्हणाला. "इथे बघा. इथे कडक लागतंय."

दादांनी अंगठ्याने दाबून बघितलं. आत पांढरंशुभ्र, टणक.

"गाभा शाबूत आहे," ते म्हणाले. सुनेने तिथल्या तिथे उडी मारली. मुलगा पडद्यांचा विचार करून थोडा हिरमुसला, पण बोलला काही नाही. तोही त्याच घरात वाढला होता.

"आता?" वहिनीने विचारलं.

"आता जखम सुकायला हवी. महिनाभर तरी. कोरडी जागा, वारा, आणि ऊन थेट नको." दादांनी अंगणावर नजर टाकली. तिथे चिखल होता. घरात वारा नव्हता, गच्चीवर ऊन होतं. अशी जागा घरात एकच होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. दादांनी ती शेवटी बघितली. घसा खाकरून ते म्हणाले, "अक्के, तुझ्या गॅलरीत जागा आहे का?"

"आहे."

"पण एक थेंब पाणी घालायचं नाही."

"एक थेंबसुद्धा?"

"एक थेंबसुद्धा नाही!"

"बघवणार नाही रे मला."

"मग मी येऊन बसतो राखायला," दादा म्हणाले. बोलले की बोलले.

ते धूड जिन्याने वर कसं नेलं ते सांगत बसत नाही. मुलाच्या अंगाला आता गुडघ्यापर्यंत खाज होती, एक बूच निसटून सुनेची ओढणी शहीद झाली, आणि अक्का वरच्या पायरीवर उभ्या राहून "एक, दोन, उचल!" म्हणत होत्या, थेट, सगळ्यांना, दादांनाही. कडेला सावलीत फळी टाकून त्यावर झाड आडवं ठेवलं. त्याच्या शेजारी दादांनी खुर्ची ओढली.

संध्याकाळी मुलगा आणि सून निघाली. सुनेने जाताना वहिनीला घट्ट मिठी मारली आणि कानात विचारलं, "आई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" वहिनी म्हणाली, "रस्त्याने सांभाळून जा."

मग तिने ताटं घेतली. दोन. खालून हाक मारली, "अहो, जेवायला चला!" वर कुणीतरी कुणाला सांगत होतं की झाडाला निदान ओलं फडकं तरी गुंडाळू, आणि कुणीतरी कुणाला सांगत होतं की हात लावून तर बघ. वहिनीने पुन्हा हाक मारली. अक्का कठड्याशी आल्या.

"वहिनी, तू जेवून घे. त्याचं ताट मी इथे वाढलंय."

वहिनी आत आली. एक ताट परत ठेवलं. एकटीच जेवायला बसली. घरात कुणी कुणाला काही सांगायला सांगत नव्हतं, इतकं शांत जेवण तिला आठवेना. दोन घास खाल्ले आणि तिला रडूच आलं, चांगलं हुंदके देऊन. तेवढ्यात वर पुन्हा दोन्ही आवाज चढले, "तू लहानपणापासून असाच आहेस" इथपर्यंत भांडण जाऊन पोचलं. वहिनीने डोळे पुसले आणि आणखी भाजी वाढून घेतली.